इंजिनांची सोयरीक

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला, हे आमच्या शहरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांशी त्यांचे नाव जोडले गेले, हेही पाठ्यपुस्तकी ज्ञान. मात्र १९४४ मध्ये त्यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मोटारींचा इतिहास कुर्ल्याच्या कारखान्यात जितका घडला, तितकाच गावोगावच्या गॅरेजांतही घडला. आणि या दुसऱ्या इतिहासाकडे आम्हा लिहिणाऱ्यांचे लक्ष फारसे गेले नाही.

आमच्या लहानपणी ‘फियाट’ हे कंपनीचे नाव नव्हते, मोटारीचेच होते. १९७४ पासून ती पद्मिनी झाली तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. इटलीत याच कुळातल्या पुढच्या इंजिनात धाव तीच ठेवून व्यास ७२ केला गेला आणि इंजिन १२२१ सीसीचे झाले. आपल्याकडे परवान्यांच्या राज्यात ती सुधारणा पोहोचलीच नाही. ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा असताना कारखान्याला तरी ती करण्याची निकड काय होती?

मग ते काम मेस्त्रीकडे आले. झिजलेला सिलिंडर बोअर करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालणे, ही मूळची दुरुस्ती. पण व्यास ६८ चा ६९ झाला की तेच इंजिन सुमारे ११२२ सीसीचे होते. हेडचा पृष्ठभाग लेथवाल्याकडून थोडा घासून घेतला, की ज्वलनकक्ष लहान होऊन दाब वाढतो आणि गाडी चढाला हलकी वाटू लागते. अर्थात हेड किती घासावे याचा विवेक हवा. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर, त्यातही सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, जास्त घासलेले इंजिन ठोकू लागते. हे तारतम्य पुस्तकातून येत नाही. ते चुकलेल्या इंजिनांतून येते.

गंमत अशी की, कारखान्यानेही पुढे हेच केले. १९८५ ची ११८ एनई घ्या. अंग फियाट १२४ चे, इंजिन निस्सानचे, ११७१ सीसीचे. शेवटच्या काळातल्या पद्मिनीला निस्सानचाच गिअरबॉक्स बसवून स्टिअरिंगपाशी असलेला गिअरचा दांडा खाली जमिनीवर आणला गेला. मग मोडीत निघालेल्या ११८ एनईचे इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या पद्मिनीत बसवणारे हौशी व मेस्त्री देशभर निघाले, यात नवल ते काय! सोयरीक कारखान्यानेच जुळवली होती. यांनी फक्त ती पुढे चालवली.

मारुतीच्या घराण्यात तर भाऊबंदकी अधिकच जवळची. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांचा व्यास ६८.५ आणि धाव ७२ मिलिमीटर. १९९९ च्या वॅगन आरमध्ये नेमकी हीच मापे, सिलिंडर तेवढे चार. म्हणून एकाचे ७९६ सीसी, दुसरीचे १०६१. २००० च्या सुमारास कंपनीने ८०० च्या एका आवृत्तीत अल्टोचे बारा व्हॉल्व्हचे इंजिन पाच गिअरसह घातले आणि सदतीस अश्वशक्तीच्या जागी पंचेचाळीस मिळाली. जिप्सीलाही १९९६ मध्ये ९७० सीसीच्या जागी एस्टीमच्या कुळातले १२९८ सीसीचे इंजिन आले. स्वस्तात वेग हवा असणाऱ्या तरुणांनी जुन्या गाड्यांवर जे केले, त्याचा कित्ता हा असा कंपनीनेच घालून दिलेला होता.

फरक आहे तो मान्यतेचा. कारखान्याच्या जोडणीमागे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी असते. मेस्त्रीच्या जोडणीमागे त्याचा कान. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांना आवर घालते, आणि नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. आम्हाला यात सरसकट अन्याय दिसत नाही. इंजिन नवे आणि ब्रेक जुनेच, अशी गाडी हत्तूरच्या दिशेने महामार्गावर भरधाव सुटली, तर कौशल्याचे कौतुक कुठवर पुरणार? पण बेकायदा ठरले म्हणून ते ज्ञान नव्हतेच, असेही म्हणता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळीचे रकाने भरले. ती चालती ठेवणाऱ्या हातांविषयी त्यांत फार थोडे होते. नोंदणीपत्रात इंजिनाचा एक क्रमांक असतो. त्या इंजिनावरचे हेड कोणत्या गाडीचे, पिस्टन कोणत्या मापाचे, गिअरबॉक्स कुठून आला, हे ज्याने जोडले त्यालाच ठाऊक. मौखिक इतिहासासाठी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना जुन्या गिरणी कामगारांकडे पाठवतो. गॅरेजात अद्याप एकालाही पाठवलेले नाही.