भंडारा (माजी लोकसभा मतदारसंघ)

पूर्व विदर्भातील एक विसर्जित लोकसभा मतदारसंघ. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत तो अस्तित्वात होता. वैनगंगेच्या पश्चिम तीरावर जिल्ह्याचे ठाणे भंडारा, पूल ओलांडताच पूर्व तीरावर कारधा आणि तेथून लाखनी-साकोलीकडे गेलेली सडक, असा या मुलखाचा मध्य होय. भोवती मालगुजारी तलावांवर पोसलेली धानाची बांधी आणि उन्हाळ्यात तेंदूपानांच्या तोडीवर गुजराण करणारी वस्ती. कारध्याच्या मतदाराने आपले गाव न सोडता पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत तीन राज्यांचा रहिवासी म्हणून मत दिले: १९५२ मध्ये मध्य प्रदेशाचा, १९५७ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचा आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राचा.

या मतदारसंघाची कीर्ती मुख्यतः १९५४ च्या पोटनिवडणुकीवर उभी आहे. परंतु ज्या फिर्यादीमुळे ती घ्यावी लागली ती फिर्याद विस्मृतीत गेली असल्याने प्रथम तीच सांगणे इष्ट. आरंभी हा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. १९५२ मध्ये काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी व तुलाराम साखरे विजयी झाले. त्यावर काही मतदारांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जसाणी हे विड्यांच्या एका पेढीचे भागीदार होते आणि ती पेढी लष्कराच्या कँटिनांना विड्या पुरवीत असे. सरकारशी असा करारसंबंध असणारा मनुष्य उमेदवारीस अपात्र ठरतो, हा पहिला आक्षेप. दुसरा अधिक गहन होता. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज छाननीत फेटाळला गेला होता. कारण ते महानुभाव पंथात गेले असून जातिभेद न मानणाऱ्या पंथात गेलेला मनुष्य महार राहत नाही, असे ठरविण्यात आले होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून दिल्लीस गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी १५ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल दिला. पंथांतराने जात सुटते की नाही, हे जुन्या समाजाची वागणूक, त्या व्यक्तीचा उद्देश आणि नव्या पंथाचे नियम या तिन्ही गोष्टी पाहून ठरवावे लागते, असे त्यात प्रतिपादिले आहे. ठवऱ्यांना त्यांच्या जातीने कधी दूर लोटले नव्हते, सबब ते महारच राहिले. पुरवठ्याचा आक्षेपही मान्य झाला. दोन्ही जागांची संपूर्ण निवडणूक रद्दबातल ठरली. चक्रधरांच्या महानुभाव पंथाचे विदर्भातील सातशे वर्षांचे अस्तित्व एका उमेदवारी अर्जाच्या निमित्ताने देशाच्या कायद्यात उतरले, ही या मतदारसंघाची फारशी न मिरविलेली मिळकत आहे.

रिकाम्या झालेल्या राखीव जागेसाठी मे १९५४ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाल्यानंतर ते राज्यसभेत होते; लोकसभेत जाण्याचा त्यांचा हा अखेरचा प्रयत्न. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली निराळी पेटी असे. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका येत आणि त्या दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद होई. दुसरे मत असे मुद्दाम वाया घालविणे यास ‘मत कुजविणे’ म्हणत. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तसे करण्याची परवानगी मागितली असता त्यांनी ती साफ नाकारली, अशी आठवण त्यांच्या अनुयायांत आजही सांगितली जाते.

निकालात अशोक मेहता निवडून आले आणि आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ८,३८१ मतांनी पराभूत झाले. एकाच मतदाराच्या हाती दोन पत्रिका असताना असा निकाल लागावा, याचा अर्थ एवढाच की मेहतांच्या पेटीत एक पत्रिका टाकणाऱ्या पुष्कळ हातांनी दुसरी पत्रिका आंबेडकरांच्या पेटीत टाकली नाही. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला हे भंडाऱ्यात सोसावे लागले, याची खंत या जिल्ह्याने बाळगावी अशीच आहे. पुढे दोनच वर्षांनी येथून जवळच नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आणि धर्मांतरानंतर अनुसूचित जातीचा दर्जा राहतो काय, हा ठवरे खटल्यातलाच प्रश्न लक्षावधी लोकांपुढे उभा राहिला. बौद्धांना तो दर्जा १९९० मध्ये मिळाला.

बोरकरांच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अनसूयाबाई निवडून आल्या. १९५७ मध्ये रा. मा. हजरनवीस व बाळकृष्ण वासनिक यांची निवड झाली. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य पद्धती संपली आणि १९६२ मध्ये हजरनवीस एकटे भंडाऱ्याचे प्रतिनिधी झाले. केंद्रात ते विधी खात्याचे उपमंत्री होते. १९६७ मध्ये अशोक मेहता पुन्हा येथूनच, पण या वेळी काँग्रेसतर्फे, लोकसभेत गेले. चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाचा निषेध करण्यास सरकार कचरले म्हणून १९६८ मध्ये त्यांनी केंद्रातील मंत्रिपद सोडले.

१९७७ च्या जनता लाटेत लक्ष्मणराव मानकर, १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसचे केशवराव पारधी, १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे खुशाल बोपचे, आणि १९९१ पासून लागोपाठ तीन वेळा गोंदियाच्या विडी-उद्योजक घराण्यातील प्रफुल्ल पटेल विजयी झाले. १९९९ मध्ये चुन्नीलाल ठाकूर व २००४ मध्ये शिशुपाल पटले यांनी ही जागा भारतीय जनता पक्षाकडे नेली; पटले यांचे पटेलांवरील मताधिक्य अवघे ३,००९ होते. ती या मतदारसंघाची शेवटची निवडणूक. २००९ पासून कारध्याचे मतदार भंडारा-गोंदिया या नव्या मतदारसंघात मत देतात.