राक्षसभुवनचे सैन्य

बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. कारण घरात लढाई चालू होती. हसू नका, खरोखरची लढाई. १० ऑगस्ट १७६३ ची.

झाले असे की उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून बीडला आला. कॉलेजात जाणारा मुलगा, वाटले दिवसभर मोबाईल घेऊन बसेल. पण त्याने सॅकमधून एक चपटा डबा काढला आणि माझ्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले. डब्यात करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी. चिंचेच्या फांदीला चिंचा लटकाव्यात तशी त्या चौकटींना मुंडकी, हात, कुऱ्हाडी लटकलेल्या. एकेक तुकडा बारीक पक्कडीने कापायचा, साच्याची शिवण कानशीने घासायची, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. तयार झाले की अंगठ्याएवढा एक सुळेवाला प्राणी उभा राहतो. "आजोबा, हा ऑर्क." मी म्हटले, सरळ राक्षस म्हण की!

आधी मला हा पोरखेळ वाटला. पण दोन दिवस शेजारी बसून पाहिल्यावर कळले की यात चांगलीच कारागिरी आहे. प्रथम सगळ्या बाहुल्यावर एक सपाट अस्तर. मग मूळ रंग. मग पातळ गडद रंगाचे पाणी सोडायचे, ते चुण्यांत आणि खाचांत जाऊन बसते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा, की कडा उजळतात. वीतभरही नसलेल्या बाहुल्यावर सूर्यप्रकाश नीट पडत नाही, म्हणून ऊन-सावलीसुद्धा रंगवून दाखवावी लागते. हे ऐकून मला त्या पोराबद्दल आदर वाटायला लागला. आणखी एक प्रकार म्हणजे 'कन्व्हर्जन'. विकत आणलेली मूर्ती तशीच न ठेवता एकीचे डोके दुसरीला लावायचे, हात मोडून वेगळ्या दिशेला वळवायचा, पुट्टीने दाढी किंवा झगा घडवायचा. तिकडचे लोक त्यासाठी निळी आणि पिवळी पुट्टी मळून हिरवी करतात. आमच्याकडे एम-सील. नळ गळायला लागला की लावतो तेच.

मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून हे आले कुठून ते शोधले. लढाईचा खेळ मुळात लष्करी शिक्षणाचा. प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी तो रचला आणि १८२४ पासून तिकडचे सेनाधिकारी नकाशावर ठोकळे सरकवून, फासे टाकून लढाया खेळू लागले. खेळण्यातले शिपाई त्याआधीपासून जर्मनीत कथलाचे, चपटे असे होत. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली आणि ते स्वस्त झाले. एच. जी. वेल्स, तोच काळयंत्राची गोष्ट लिहिणारा, त्याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून या शिपायांशी जमिनीवर बसून खेळायचे नियम दिले. त्यात स्प्रिंगची तोफ खरोखर उडवायची. वेल्सचे म्हणणे असे की खरे युद्ध करण्यापेक्षा हे बरे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. असो.

राक्षस या खेळात फार उशिरा आले. अमेरिकेत १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांच्या नियमांचे 'चेनमेल' हे पुस्तक काढले. त्याला शेवटी एक पुरवणी होती, तिच्यात चेटके, ड्रॅगन वगैरे मंडळी. तिच्यातूनच १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. गंमत अशी की तेव्हा राक्षसांच्या मूर्ती बाजारात फारशा मिळत नसत. गायगॅक्सने दुकानातून स्वस्त प्लॅस्टिकच्या चित्रविचित्र प्राण्यांची पिशवी आणली आणि त्यातल्याच एकाला लोखंडावर गंज चढवणारा राक्षस ठरवून टाकले. म्हणजे आधी खेळणे आणि मग त्याची कथा! १९८३ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने 'वॉरहॅमर' काढला, त्यात तर उद्देशच हा की खेळणाऱ्याने ढीगभर मूर्ती घ्याव्यात. आमच्या नातवाच्या खिशाकडे पाहिले तर तो उद्देश सफल झाला आहे.

हे सगळे ऐकवून झाल्यावर मी त्याला म्हटले, अरे, आपल्याकडेही हे आहेच. दिवाळीत पुण्यात तू किल्ला करायचास तो काय होता? कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायचे, तोफा, तुतारीवाला, सिंहासनावर महाराज, गुहेतून डोकावणारा वाघ. अळीव पेरून गवत उगवायचे. महाराज दरवाजापेक्षा उंच, त्यांना गडाखाली उतरायचे असते तर अडचणच झाली असती, पण कोणाची तक्रार नसे. आम्हा बीडकडच्या मुलांच्या वाट्याला किल्ले फारसे नव्हते. आमचे हात पोळ्याच्या मातीच्या बैलांवर बसले. ज्याच्या दारी बैल नाही त्याने मातीचा करून पुजायचा. शिंगे नेहमी मोडायची, मग बाभळीचे काटे खोचायचे. आता कळले की ते कन्व्हर्जन होते.

त्यावर तो म्हणाला, मग आपण इथलीच एक लढाई करू या. आणि मी एका दमात म्हणालो, राक्षसभुवन. (नाव ऐकून त्याला वाटले, त्याचे ऑर्क खपून जातील.)

माझ्या पुतण्या-भाच्यांना गाव ठाऊक आहे, आपण शनीच्या दर्शनाला गेलो होतो. गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर. १७६३ च्या मे महिन्यात निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. पेशवे तेव्हा निजामाचा मुलूख लुटत फिरत होते. ऑगस्टमध्ये निजाम औरंगाबादकडे निघाला आणि अर्धी फौज घेऊन गोदावरी उतरून पलीकडे गेला. मागची फौज दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली अलीकडच्या काठावर राहिली. तिच्यावर मराठ्यांनी झडप घातली. राघोबादादांचा हत्ती वेढ्यात सापडला, तेव्हा अठरा वर्षांच्या माधवरावांनी येऊन चुलत्याला सोडवले. विठ्ठल सुंदर पडला. नदीला पूर, त्यामुळे निजामाला पलीकडून नुसते पाहत राहावे लागले.

आता सैन्य कुठून आणायचे? नातवाच्या आईने पुण्याहून जुने मावळे पाठवले. आणि इथे आमची पहिली अडचण उभी राहिली. कुंभारवाड्यात मावळे मिळतात, गवळण मिळते, शेतकरी मिळतो. शत्रू मिळत नाही. कोण घेणार? किल्ल्याला पहारेकरी लागतात, हल्ला करणारे लागत नाहीत. म्हणजे निजामाची फौज मावळ्यांतूनच घडवायची. मी एका मावळ्याची पगडी उतरवायला गेलो तर प्लॅस्टरचे मुंडकेच हातात आले. दुसऱ्याचेही तेच. तेव्हा मावळे परत खोक्यात गेले आणि नातवाने आपल्या खेळातले विलायती सरदार काढले.

त्या मूर्ती पायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर. डोकी आणि पंजे अंमळ मोठे, म्हणजे लांबून दिसावेत. घोडे मात्र भलतेच दांडगे, अंगावर चिलखत घातलेले. आमच्या भीमथडीच्या तट्टांशी त्यांचे काय नाते? दोन दिवस नुसते कानशीने चिलखत घासण्यात गेले. शिरस्त्राणे कापून एम-सीलच्या पगड्या बांधल्या. भाले खराट्याच्या काडीचे. राघोबादादांचा हत्ती महालक्ष्म्यांपुढे मांडायच्या खेळण्यांतून उचलला. (आमच्या हिने बजावले आहे की भाद्रपदाच्या आत तो जागेवर पाहिजे.) पायाखाली रंगवलेली भुकटी नको म्हणून शेतातली काळी माती वाळवली, चाळली आणि फेव्हिकॉलवर भुरभुरवली. तिला काहीच रंग द्यावा लागला नाही.

रंगवताना माझा आणि त्याचा वाद झाला. त्याच्या खेळात एका पलटणीचा पोशाख एकसारखा, म्हणजे टेबलावर ओळखू येते. मी म्हटले, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला आलेला माणूस, त्याचे कपडेही त्याचेच. बारगिराला घोडा सरकारी. तेव्हा शिलेदार एका रंगात रंगवलेस तर ते खोटे. "मग निजामाचे स्वार?" त्याने विचारले. त्यांचेही तसेच, म्हणालो. "मग दोन्ही बाजू वेगळ्या दिसणार कशा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. कारण त्या वर्षी खुद्द लढणाऱ्यांनाही ते सोपे नव्हते. नागपूरचे जानोजी भोसले आधी निजामाकडे होते, लढाईआधी फुटून निघाले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन राघोबादादांवर रागावून निजामाला मिळाले होते. आणि विठ्ठल सुंदर! मराठेशाहीतले साडेतीन शहाणे म्हणतात ना, सखा, देवा, विठ्ठल आणि नाना, त्यातला विठ्ठल हाच. निजामाचा दिवाण, पण शहाणा मात्र आपला म्हणून मोजलेला. सखारामबापू पेशव्यांकडे, देवाजीपंत चोरघडे जानोजींचे कारभारी. म्हणजे तीन पूर्ण शहाणे या एकाच भानगडीत होते. अर्धा तेवढा नाना, कारण त्याला तलवार चालवता येत नसे असे म्हणतात.

"आजोबा, आपण कुठल्या बाजूला होतो?"

मी वर्षानुवर्षे वर्गात "आपण जिंकलो" असे शिकवले. मुले माना डोलवायची. पण बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. माझे वडील उर्दू शाळेत शिकले, त्यांची मराठी सही शेवटपर्यंत अवघडल्यासारखी यायची. आजोबांचा शेतसारा हैदराबादला जायचा. १७६३ मध्ये आमच्यातला कोणी भाला घेऊन उभा असेलच, तर तो त्या दिवशी कोणाच्या चाकरीत होता हे कसे सांगणार? मी त्याला म्हटले, तू आधी घोडे रंगव.

त्याने शेवटी फरक दाखवला तो निशाणाने. एका बाजूला भगवा जरीपटका. दुसरीकडच्या काठ्या त्याने तशाच मोकळ्या ठेवल्या, तुम्ही पुस्तकात पाहून सांगा म्हणाला.

विठ्ठल सुंदरची मूर्ती मी स्वतःकडे घेतली. नातवाने विचारले, याच्यात काय बदलायचे? सखारामबापूंसाठी केली होती तशीच पगडी, तसाच अंगरखा, तसेच उपरणे. काहीच बदलले नाही. एकाच्या हातात तलवार दिली, एवढेच.

सुट्टी संपली, तो गेला. सैन्य काचेच्या कपाटात, वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी उभे आहे. नदी म्हणून पसरलेली निळी ओढणी हिने धुवायला नेली. विठ्ठल सुंदरच्या डोळ्यांची आखणी राहिली आहे. गणपतीचेही डोळे कारागीर शेवटीच काढतात, पण त्यांचा हात स्थिर असतो. मी दोनदा ब्रश टेकवायला गेलो आणि दोन्ही वेळा पुसून टाकावे लागले. दिवाळीत नातू येईल, तेव्हा तो काढेल.