कंसातली अट

अनंत गुणोत्तर श्रेढीच्या बेरजेचे सूत्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिले पद १ आणि गुणोत्तर र असेल, तर बेरीज १/(१ − र). सूत्रापुढे कंसात एक अट छापलेली असते : र ही संख्या −१ आणि १ यांच्या दरम्यान हवी. विद्यार्थी सूत्र पाठ करतात आणि कंस सोडून देतात. आम्हीही तेच केले होते. एका चाचणीत १ + २ + ४ + ८ + ... या श्रेढीची बेरीज आम्ही −१ काढली आणि उत्तराखाली ऐटीत दोन रेघा मारल्या. सगळी पदे धन, प्रत्येक पद आधीच्याच्या दुप्पट आणि बेरीज मात्र ऋण! शून्य गुण मिळाले, ते योग्यच होते.

पुढे कळले की हेच उत्तर अठराव्या शतकात ऑयलरनेही दिले होते, आणि त्याला ते चूक वाटत नव्हते. मग ती अट आली कोठून?

ऑयलरच्या दृष्टीने श्रेढी म्हणजे एखाद्या बैजिक राशीचा विस्तार. मूळ राशीची जी किंमत, तीच श्रेढीची बेरीज. १/(१ − क्ष) चा विस्तार १ + क्ष + क्ष² + क्ष³ + ... असा होतो. त्यात क्ष = १/२ घातल्यास बेरीज २ येते, ती पटते. क्ष = २ घातल्यास −१ येते. क्ष = −१ घातल्यास १ − १ + १ − १ + ... ची बेरीज १/२ येते. या शेवटच्या श्रेढीबद्दल इटलीतील ग्रांदी याने १७०३ मध्ये लिहिले होते. पदांच्या जोड्या लावल्या तर बेरीज शून्य, पहिले पद वेगळे ठेवून पुढच्यांच्या जोड्या लावल्या तर १, सूत्राने १/२. एका श्रेढीला तीन उत्तरे! तरीही गणिती फारसे अस्वस्थ झाले नाहीत, कारण अशाच मोकळ्या हाताने केलेल्या गणितातून पुष्कळदा अचूक उत्तरेही मिळत होती.

पदे लहान होत गेली म्हणजे काळजी नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. १ + १/२ + १/३ + १/४ + ... ही हरात्मक श्रेढी पाहा. हिची पहिली दहा लाख पदे मिळवली तरी बेरीज साडेचौदाही भरत नाही. पण फ्रान्समधील निकोल ओरेम याने १३५० च्या सुमारास दाखवून दिले की ती कोणतीही मर्यादा ओलांडते. १/३ + १/४ हे १/२ पेक्षा जास्त. पुढची चार पदे मिळून १/२ पेक्षा जास्त. त्यापुढची आठ मिळूनही तसेच. असे अर्धे कितीही वेळा मिळत राहतात. हा युक्तिवाद नववीच्या वर्गातही फळ्यावर मांडता येतो.

सुरुवातीची पदे किती फसवू शकतात, याचे आणखी एक नमुनेदार उदाहरण दालांबेर याने १७६८ मध्ये दिले. (१ + २००/१९९) चे वर्गमूळ त्याने द्विपद श्रेढीने मांडले. चिन्हे सोडून दिली तर या श्रेढीची पदे ३०० व्या पदापर्यंत लहान होत जातात आणि नंतर मोठी होऊ लागतात. शंभर पदे हाताने काढून पाहणाऱ्यालाही काही संशय येणार नाही. मात्र लागोपाठच्या दोन पदांचे गुणोत्तर पाहिले तर ते अखेरीस २००/१९९ कडे, म्हणजे १ पेक्षा किंचित मोठ्या संख्येकडे, जाताना दिसते. तेथेच श्रेढीचे भवितव्य ठरते.

या सुट्या निरीक्षणांची व्यवस्था लागली ती एका वर्गात. क्रांतीनंतर १७९४ मध्ये पॅरिसला एकोल पॉलितेक्निक ही अभियंत्यांची शाळा निघाली. तेथे शिकवणाऱ्या कोशीने १८२१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी विश्लेषणाचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने निक्षून सांगितले की अपसारी श्रेढीला बेरीजच नसते. पहिले एक पद, पहिली दोन, पहिली तीन, अशा बेरजा करत गेल्यास त्या एका निश्चित संख्येच्या हव्या तेवढ्या जवळ जाऊन तेथेच राहत असतील, तरच ती संख्या ही श्रेढीची बेरीज आणि तरच श्रेढी अभिसारी. आधी बेरीज आहे का ते पाहा, किती ते नंतर.

पण हे पाहायचे कसे? कोशीच्या कसोट्यांचे मर्म आपल्या त्या कंसातच आहे. एखाद्या श्रेढीत लागोपाठच्या पदांचे गुणोत्तर एका टप्प्यानंतर कायम ०.९ पेक्षा कमी राहिले, तर तिची पदे ०.९ गुणोत्तराच्या श्रेढीपेक्षा वेगाने घटतात. ती श्रेढी अभिसारी आहे, म्हणून हीदेखील अभिसारी. म्हणजे गुणोत्तर श्रेढी ही मोजपट्टी झाली. घातश्रेढीला हीच पट्टी लावली की क्ष च्या कोणत्या किमतींपर्यंत ती भरवशाची आहे, ते कळते. गुणोत्तर १ कडेच जात असेल तर मात्र पट्टी मुकी होते. हरात्मक श्रेढी आणि १ + १/४ + १/९ + १/१६ + ... या दोघींचे गुणोत्तर १ कडेच जाते. पहिली अपसारी, दुसरी अभिसारी.

एवढी काळजी घेणारा कोशीही एके ठिकाणी घसरला. संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज संततच असते, असे त्याने त्याच पुस्तकात म्हटले. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलने एका तळटीपेत सौम्यपणे नोंदवले की या प्रमेयाला अपवाद दिसतात. त्याचे उदाहरण होते साइन क्ष − १/२ साइन २क्ष + १/३ साइन ३क्ष − ... हे. क्ष १८० अंशांच्या किंचित अलीकडे असताना बेरीज सुमारे १.५७ असते, नेमकी १८० अंशांवर शून्य आणि किंचित पलीकडे सुमारे −१.५७. अपसारी श्रेढींवर सिद्धता उभारणे लाजिरवाणे आहे, असे याच आबेलने त्या वर्षीच्या जानेवारीत बर्लिनहून एका पत्रात कळवले होते. पत्र होते होल्मबो यांना, त्याच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांना! तेव्हा तो २३ वर्षांचा होता. १८२८ मध्ये त्याने हेही दाखवले की पद आणि त्याचा क्रमांक यांवरून बांधलेली, सर्व श्रेढींचा निकाल लावणारी एकच कसोटी मिळणे शक्य नाही. पुढच्याच वर्षी क्षयाने त्याचा अंत झाला. कोशीने आपले प्रमेय १८५३ मध्ये दुरुस्त केले.

म्हणजे ऑयलर नुसता चुकला का? तसेही नाही. अपसारी श्रेढींनाही किंमत देण्याच्या नीट बांधलेल्या पद्धती पुढे निघाल्या. रामानुजन यांनी १९१३ मध्ये हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात १ + २ + ३ + ... = −१/१२ असे मांडले, तेही ‘माझ्या उपपत्तीनुसार’ अशा अर्थाचा खुलासा करूनच. तेथेही अट सुटलेली नाही, बदलली आहे एवढेच.

तेव्हा पुढच्या वेळी सूत्र फळ्यावर लिहिताना आधी कंस लिहावा, सूत्र मागाहून. आणि एखाद्या विद्यार्थ्याने −१ असे उत्तर आणलेच, तर शून्य गुण जरूर द्यावेत. पण सोबत ऑयलर, कोशी आणि आबेल यांची ही हकीकतही सांगावी. आम्हाला ती फार उशिरा कळली.