झोळीचे ओझे

विराटपर्वात उत्तर शमीवृक्षावरून आयुधे खाली काढतो आणि हे धनुष्य कोणाचे, ही तलवार कोणाची, असे एकामागून एक विचारत जातो. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्याला प्रत्येक आयुधाचा धनी सांगतो. महाकाव्यातील वस्तूला असा धनी असतो, पूर्ववृत्त असते. संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांनी महाकाव्यांकडून आणि अद्भुतकथांकडून पुष्कळ उसनवारी केली. वस्तूचे हे पूर्ववृत्त मात्र त्यांना कितपत पेलले, हे त्यांच्या इन्व्हेंटरीच्या, म्हणजे पात्राच्या झोळीच्या, इतिहासात पाहावे लागते.

या इतिहासाचा आरंभ वजनापासून होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या कागद-फाशांच्या खेळात ओझे सोन्याच्या नाण्यांच्या भारात मोजले जाई. लूट वाढली की चाल मंदावे. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून घडवलेल्या 'मड'मध्ये तर सापडलेले धन दलदलीत टाकले की गुण मिळत. संचयाला तेथे फारसा अर्थ नव्हता.

'डायब्लो'ने (१९९६) झोळीला चाळीस घरांचा पट केला. चिलखताला सहा घरे लागत, अंगठीला एक. काय ठेवावे यापेक्षा कसे बसवावे, हे कोडे झाले. पुढील 'डायब्लो २'मध्ये (२०००) होराड्रिक क्यूब नावाची पेटी आली. ती झोळीतील चार घरे व्यापते आणि पोटात बारा घरांचा ऐवज सामावते. अद्भुताचा असा काटेकोर हिशेब आपल्या तिलिस्मी कादंबरीकारांनाही सुचला नसता!

परंतु वस्तूला खरे चरित्र लाभले ते रिचर्ड गॅरिअट यांच्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये (१९९७). तेथे पाठपिशवीत घरे नव्हती. वस्तू हव्या तशा मांडता येत, एकीखाली दुसरी दडवताही येई. किती पेलावे, हे पात्राच्या बळावर ठरे. मेल्यावर देहाजवळचे सामान दुसरा खेळाडू उचलून नेऊ शके. तलवार हातोहाती फिरे. तिला धनी मिळत आणि दुरावत. यात क्रौर्य होतेच आणि नवख्यांचे हाल होत. २००० साली तेथे परस्परहत्येला मज्जाव असलेला ट्रॅमेल हा स्वतंत्र भूभाग निर्माण करावा लागला.

यानंतरच्या सुधारणा सोयीच्या दिशेने झाल्या. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये (१९९९) काही वस्तूंवर 'नो ड्रॉप' असा शिक्का असे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये (२००४) तीच कल्पना 'सोलबाउंड', म्हणजे आत्म्याशी बद्ध, या भारदस्त नावाने रुजली. शब्द आध्यात्मिक, व्यवहार बाजारपेठ आवरण्याचा. बद्ध वस्तू चोरीला जात नाही; पण ती मित्राला देताही येत नाही. नवी तलवार मिळाली की जुनी दुकानदाराला विकायची. 'गिल्ड वॉर्स २'ने (२०१२) कच्चा माल रणांगणातूनच कोठारात धाडण्याची सोय दिली आणि झोळी आवरण्याचे कामही हलके केले.

साजसजावटीचा प्रश्न यातूनच उपजला. सर्वांत बळकट चिलखत सर्वांना सारखेच, त्यामुळे वीर एकमेकांसारखे दिसू लागले. 'वॉरक्राफ्ट'ने २०११ च्या अखेरीस त्यावर तोडगा काढला: एका चिलखताचे रूप दुसऱ्यावर चढवायचे. मात्र त्यासाठी मूळ वस्तू जवळ असणे आवश्यक होते, म्हणून त्याच वेळी ऐंशी घरांचे एक जादा कोठारही द्यावे लागले. हा तोडगा अवघडलेला खरा. पण मला तो नंतरच्या सुधारणेपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. २०१६ पासून रूप तेवढे संग्रहात नोंदले जाते आणि वस्तू खुशाल विकता येते. रूप आणि उपयोग यांची फारकत पूर्ण झाली. खेळाडूंची गैरसोय टळली, यात शंका नाही.

तरीही पहिल्या मोहिमेतील, आता काडीच्याही उपयोगाची नसलेली तलवार बँकेतील एक घर अडवून जपणारे खेळाडू आहेतच. तिचे रूप संग्रहात केव्हाच नोंदलेले असते.