खुबा आणि खाट

अस्थिरोग वॉर्डात सिस्टर म्हणून माझी नोकरी सुरू झाली ती सत्तरच्या दशकात, मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात. बायकांच्या वॉर्डात काही खाटांच्या पायथ्याखाली विटा लावलेल्या असत. विटा दिसल्या की विचारावं लागत नसे, त्या खाटेवर खुबा मोडलेली आजी असणार. पायाला चिकटपट्टी, तिला दोरी, दोरी कप्पीवरून खाली सोडलेली आणि टोकाला वजन. त्या वजनाने आजी पायथ्याकडे सरकू नये म्हणून विटा. पाऊल बाहेर कलंडू नये म्हणून प्लास्टरचा बूट आणि त्याला आडवी लाकडी पट्टी. दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. अशी ती बाई दोन-दोन, तीन-तीन महिने उताणी पडून राही.

लालबागच्या चाळीतल्या एक आजी मला आजही आठवतात. रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे निघाल्या, दारातल्या ओल्या पायपुसण्यावरून पाय सरकला आणि कुशीवर पडल्या. जिन्यावरून पडल्या नव्हत्या, गाडीने उडवलं नव्हतं. "एवढ्याशा पडण्याने हाड कसं मोडतं हो, सिस्टर?" त्यांचा मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता. आजींचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल पार बाहेर वळलेलं होतं. एक्स-रेला न्यायच्या आधीच आम्हाला कळून चुकलं होतं.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे. लंडनचे सर्जन सर ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली सांध्यांच्या मोडतोडीवर मोठा ग्रंथ लिहिला. लंडनच्या फुटपाथच्या कडेवरून पाय घसरावा, एवढ्या किरकोळ कारणाने म्हाताऱ्यांचा खुबा मोडतो, आणि त्यात बायका जास्त, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा, तो कटीच्या हाडातल्या खोबणीत बसतो, आणि गोळ्याखाली बारीक मान असते. गोळ्याला रक्त पोचतं ते बहुतांशी या मानेवरून. सांध्याच्या आत मान मोडली की रक्त तुटतं आणि हाड बहुधा जुळत नाही. मानेच्या खाली मोडलं तर जुळतं, पण पाय आखूड होऊन. हा फरक कूपर यांनी एक्स-रेचा शोध लागण्याच्या सत्तरहून अधिक वर्षं आधी, मेलेल्यांची हाडं तपासून ओळखला. जे हाड जुळणारच नाही त्याच्यासाठी म्हातारीला महिनोन्‌महिने जखडून ठेवू नका, लवकर उठवून बसवा, असंही त्यांचं सांगणं होतं. ते ऐकायला जगाला शंभर वर्षांहून जास्त वेळ लागला, याचं मला मनापासून दुःख होतं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मांडी-कमरेच्या भग्नासाठी कपाटशयन सांगितलं आहे. रोग्याला फळीवर झोपवायचं आणि हालचाल होऊ नये म्हणून पाच खुंट्या ठोकून बांधायचं. म्हातारपणी हाड जुळायला तरुणाच्या मानाने कितीतरी जास्त काळ लागतो, हेही त्यात आहे. पुढे गावोगावचे हाडवैद्य कामट्या आणि लेप लावून हात-मनगट बसवत राहिले, आणि त्यातल्या चांगल्या वैद्यांच्या हाताला गुण होता हे मी मान्य करते. पण खुबा स्नायूंच्या इतका आत असतो की बाहेरून बांधलेली कोणतीही कामटी तिथे पोचत नाही. म्हणजे फळी असो, कामटी असो की आमच्या विटा, उपाय शेवटी एकच: झोपून राहा.

आणि झोपून राहण्याने काय होतं ते आम्ही सिस्टरांनी पाहिलं. दर काही तासांनी आम्ही दोघी-तिघी मिळून आजीला जेमतेम कुशीवर करायचो. पाठीला स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची, चादरीची एकही सुरकुती ठेवायची नाही. तरी माकडहाडावर आणि टाचेवर आधी लाली यायची, मग फोड, मग जखम. ओढण चालू असताना बेडपॅनसाठी उचललं की जीव जाईल अशा वेदना होत, म्हणून आज्या पाणीच प्यायच्या बंद होत. पाणी कमी, की लघवीला जंतुसंसर्ग. संसर्ग झाला की रात्री भ्रम. मग सुनेला ओळखेनाशा होत, दोरी ओढून काढत. शेवटी छाती भरायची. लालबागच्या आजी महिन्याभरात गेल्या. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला गेला, खुब्याचा त्यात उल्लेखही नव्हता. अशा किती गेल्या असतील, त्यांची खुब्यामुळे गेलेल्यांत गणना कधी झालीच नाही.

मोठमोठी माणसंही यातून सुटली नाहीत. रक्ताची गुठळी शिरेत कशी धरते आणि तिथून फुप्फुसात कशी जाते, हे ज्या बर्लिनच्या रुडॉल्फ विर्शो यांनी जगाला समजावलं, ते जानेवारी १९०२ मध्ये चालत्या ट्रामवरून उतरताना पडले आणि खुबा मोडला. वय ऐंशी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते गेले.

वळण आलं ते बॉस्टनमध्ये. नॉर्वेत जन्मलेल्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ साली मोडलेल्या मानेतून तीन पात्यांचा खिळा ठोकून दोन्ही तुकडे एकत्र धरले. १९३१ साली त्यांनी हे काम छापलं, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्वेन योहान्सन यांनी पोकळ खिळा आणला, म्हणजे आधी बारीक तार घालून दिशा पक्की करायची आणि तिच्यावरून खिळा सरकवायचा. रोगी खाटेवर बसू शकू लागला. मग अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात ऑस्टिन मूर यांनी १९४० साली हॅरॉल्ड बोलमन यांच्यासोबत एका रोग्याला मांडीच्या हाडाचं वरचं टोकच धातूचं बसवलं. मूर यांचा पुढचा, दांड्याला खिडक्या असलेला गोळा भारतभर पोचला. तो मी ट्रेमध्ये मांडला आहे. थंडगार, गुळगुळीत, हातात घेतला की वजन जाणवणारा.

तो गोळा असताना आमच्याकडे विटा का होत्या? भूल सोसवेल का ही भीती, रक्ताची सोय, ऑपरेशन टेबलाची रांग, आणि गोळ्याचे पैसे. पण सगळ्यात मोठी अडचण घरच्यांच्या मनात असायची. "आता या वयात कशाला चिरफाड?" हे वाक्य मी सुशिक्षित घरांतूनही ऐकलं. आईवरच्या मायेनेच ते म्हणत. पण त्या मायेने अनेक आयांना महिनोन्‌महिने खाटेला जखडलं, हे मी लिहून ठेवते.

ऑपरेशनही एकटं पुरत नाही, हे इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावात मायकेल डेव्हास या अस्थिसर्जनने आणि बॉबी अर्विन या वृद्धरोगांच्या डॉक्टरने दाखवलं. दोघांनी मिळून रोगी बघायचा, हाडाबरोबर हृदय, रक्तदाब, जेवण, झोप बघायची आणि लगेच चालवायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, कुठल्याही खिळ्यापेक्षा मोठी. आमच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट सकाळी वॉकर घेऊन येऊ लागल्या आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आज्या पाय खाली सोडून बसू लागल्या, तेव्हापासून पाठीच्या जखमा धुण्याचं आमचं काम झपाट्याने कमी झालं.

हे दुखणं किती घरांचं आहे? १९९० साली जगात सुमारे १६ लाख ६० हजार खुबे मोडले असा अंदाज आहे, आणि २०५० पर्यंत हा आकडा वर्षाला ६० लाखांच्या पुढे जाईल असं तेव्हा मांडलं गेलं. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात झालेल्या मोजणीत पन्नाशीपुढच्या एक लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १२९ जणांचा खुबा मोडलेला आढळला, बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या साधारण दीडपट. पाळी गेल्यावर बाईचं हाड वेगाने विरळ होतं. मांडीच्या हाडाच्या टोकात ताण पेलणाऱ्या रेषा असतात, त्या एक्स-रेवर एकेक करून कशा पुसट होतात याची प्रतवारी १९७० साली डॉ. मनमोहन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावली. आपल्या देशातलं हे काम जगभरच्या पुस्तकांत गेलं.

खुब्याच्या शेजारी आणखी एक मोड असते, तिची दखल फार कमी घेतली जाते. कटीच्या हाडांचं जे कडं असतं, त्याला जांघेपाशी किंवा मागे माकडहाडाच्या वर तडा जातो. पाय आखूड होत नाही, वळत नाही. साध्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही, सीटी किंवा एमआरआय करावं लागतं. घरचे म्हणतात मुका मार आहे, शेकतात, चोळतात, आणि आजी आठवडाभर कण्हत पडून राहते. यात बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. दुखणं नीट कमी करून, आधार देऊन चालवत ठेवावं लागतं. इथेही शत्रू खाटच.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरात सत्तरीपुढचं माणूस असणाऱ्यांना, माझं कळकळीचं सांगणं आहे. माणूस पडलं आणि पायावर भार देता येत नसेल, तर चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका, त्याच दिवशी एक्स-रे काढा. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि जांघेत दुखणं थांबत नसेल, तर पुन्हा तपासा असा आग्रह धरा. ऑपरेशन सांगितलं तर वयाकडे बोट दाखवून दिवस घालवू नका. इंग्लंडमध्ये २०११ पासून दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करावं असा दंडक आहे. आणि डॉक्टरांना खर्च विचाराल तेव्हा हेही विचारा: आईला खाटेवरून कधी उठवणार? मोरी कोरडी ठेवा, संडासात धरायला दांडी बसवा, रात्री वाटेवर दिवा ठेवा. हे काम या रविवारीच करून टाका.