गव्हाबरोबर आलेले गवत

श्रावण सरत आला असता वाशिमहून मंगरुळपीरमार्गे कारंज्याकडे निघावे, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या फुलांची किनार सोबत करते. दुरून ती शोभिवंत वाटते. जवळ जाताच ओळख पटते. हे गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागांनी अनेकांना दम्याचा त्रास होतो, आणि जनावरांनी ते खाल्लेच तर दूध कडवट होते.

या गवताची जन्मकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अमेरिकेने पी. एल. ४८० करारान्वये गहू पाठवला आणि त्या गव्हातून हे बी आले, अशी ती कथा. परदेशी मदतीचे धान्य आणि दुधाची भुकटी एके काळी धर्मग्रामांतूनही वाटली जात असे. १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलो आणि सुकडी यांच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकल्या आहेत. त्यामुळे ही कथा ऐकताना आम्हांला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. भुकेल्याच्या ताटात पडलेल्या अन्नावरच हा आळ आहे. तो कितपत खरा, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

तारखा पाहू. हे गवत मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. पुण्यात ते आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. पी. एल. ४८० चा भारताशी पहिला करार झाला तो त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात. म्हणजे कराराचा गहू बंदरात उतरण्यापूर्वीच गवत पुण्यात रुजलेले असावे. अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता. १९५१ साली वीस लाख टन धान्यासाठी त्या देशाने भारताला कर्ज दिले होते. बी त्यातून आले असणे शक्य आहे. परंतु अभ्यासकांनी याहूनही मागे जाऊन, एकोणिसाव्या शतकातच ही वनस्पती भारतात असल्याच्या नोंदी पुढे आणल्या आहेत. तेव्हा एकट्या गव्हाच्या पोत्याला दोषी धरणे इतिहासाला मान्य होण्यासारखे नाही.

बी नुसते येऊन भागत नाही, त्याला उघडी जमीन लागते. गाजर गवताचे एकेक झाड हजारो बिया टाकते, आणि त्याच्या मुळांतून व पानांतून पाझरणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ खुंटवतात. असे असूनही दाट, राखलेल्या गवतात त्याला सहजी शिरकाव मिळत नाही. रस्त्यासाठी उकरलेली माती, अतिचराईने उजाड झालेले गायरान, ओसाड धुरे, या जागा त्याला हव्या असतात. त्या आपण दिल्या.

आपल्या जिल्ह्याचे दुखणे येथेच आहे. वाशिमच्या पठारावरील मुरमाड माळ मुळात गवताचे. पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी ही त्यांची खरी संपत्ती. या गवतावर नाकतोडे जगतात; नाकतोडे आणि किडे टिपून तणमोर जगतो. हा लहानसा पक्षी पावसाळ्यात आपल्या माळांवर वीण घालण्यास येतो, आणि त्याचा नर गवतातून वारंवार उंच उडी घेऊन मादीला साद घालतो. कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळविटाचाही आधार हेच रान. गाजर गवत पसरले की चारा घटतो. चाऱ्यावर जगणारे किडे घटतात. किड्यांवर जगणारा पक्षी उपाशी राहतो. अशी ही साखळी एका कडीपाशी तुटली तरी शेवटपर्यंत हादरते. २०२१ साली तणमोराची गणना जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. या ऱ्हासाचे खापर एकट्या गाजर गवतावर फोडता येणार नाही. माळ नांगरले गेले हे त्याहून मोठे कारण आहे.

आणखी एक चूक आपण सद्भावनेने केली. ई-क्लासच्या जमिनीला आपण 'पडीक' म्हटले. जेथे झाड नाही तेथे काहीच नाही, असे मानून राज्यभर अनेक माळांवर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले. ही दोन्ही झाडे अमेरिका खंडातूनच आलेली. माळ हिरवे दिसू लागले, पण तणमोराला सावली नको असते, गवत हवे असते.

यावर माणसाने उपायही शोधले. १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगेरा बंगळूर येथे आणला गेला आणि पुढच्या वर्षी गाजर गवतावर सोडला गेला. तो पाने खातो, पण मुख्यतः पावसाळ्यातच. पुढे तो सूर्यफुलावर आढळल्याने शेतकरी धास्तावले. एका पाहुण्याला आवरण्यासाठी दुसरा पाहुणा बोलावला की त्याच्यावरही नजर ठेवावी लागते.

परका तो शत्रू, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मिरची, पेरू, भुईमूग अमेरिकेतूनच आले, आणि वाशिमचे आजचे मुख्य पीक सोयाबीन चीनकडचे. आपण त्यांना बांधात ठेवले, त्यांची निगा राखली. परका उपद्रवी होतो तो राखणदार झोपल्यावर. शुभवर्तमानातील निदणाचा दाखला वाचकांना आठवेल. तेथेही शत्रू येतो तो लोक झोपेत असताना. त्या दाखल्यातला धनी कापणीपर्यंत थांबण्यास सांगतो, पण ती शिकवण माणसांचा न्याय करण्याविषयी आहे. गाजर गवताच्या बाबतीत थांबणे परवडणारे नाही. फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, ते मुळासकट उपटावे लागते. उपटलेल्या जागी आपल्या ओळखीचा तरोटा पेरला तर तो त्याला दाबून धरतो, आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

आपल्या भागातील फासेपारधी बांधवांनी 'संवेदना' संस्थेच्या साथीने गवताळ रान आणि तणमोर राखण्याचे काम हाती घेतले आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी फासे लावले, ते आज राखणदार झाले आहेत. गव्हाला दोष देत बसलेल्या आपणा सर्वांना त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.