हरवलेली तान कशी शोधावी? देवगिरीचा शार्ङ्गदेव आणि स्वरांचे गणित

१/ सात स्वर, प्रत्येक एकदाच घ्यायचा, क्रम मात्र हवा तसा बदलायचा. अशा रचना होतात ५,०४०. त्या सर्व एका ठरलेल्या क्रमाने पोथीत उतरवल्या आणि त्यांतील २,०००वी ओळ वाळवीने खाल्ली, तर ती परत कशी मिळवावी? १३व्या शतकात देवगिरीच्या दरबारात याचे उत्तर लिहिले गेले. त्यासाठी यादी पुन्हा लिहावी लागत नाही. #थ्रेड

२/ ग्रंथाचे नाव संगीतरत्नाकर, कर्ता शार्ङ्गदेव, आश्रयदाता यादव राजा सिंघण (इ. स. १२१० ते १२४७). स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे त्याचे सात अध्याय. भारतीय संगीताच्या इतिहासात या ग्रंथाला आधारस्तंभाचे स्थान आहे. त्यातील गणित मात्र संगीताच्या आणि गणिताच्या अभ्यासकांमध्ये बराच काळ दुर्लक्षित राहिले.

३/ शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. ग्रंथाच्या पुष्पिकांमध्ये सोढलाला ‘श्रीकरणाधिपति’ म्हटले आहे. श्रीकरण म्हणजे राज्याचे दफ्तर आणि हिशेबाचे खाते. आकडेमोड या घरात परकी नव्हती.

४/ येथे एक गल्लत टाळावी. हा आजोबा भास्कर म्हणजे ‘लीलावती’कार भास्कराचार्य नव्हे. पण त्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव सिंघणाच्याच दरबारी ज्योतिषी होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. गणित आणि संगीत या दोन्ही विद्या एकाच राजछत्राखाली नांदत होत्या.

५/ या विचाराचे मूळ छंदःशास्त्रात आहे. इसवी सनापूर्वीच्या पिंगलाने लघू आणि गुरू अक्षरांच्या सर्व संभाव्य रचना मांडण्याची रीत सांगितली. तिला प्रस्तार म्हणतात. त्यासोबत आणखी दोन प्रश्न येतात. प्रस्तारातील अमुक क्रमांकाची ओळ कोणती, हे ‘नष्ट’. दिलेल्या ओळीचा क्रमांक कोणता, हे ‘उद्दिष्ट’.

६/ नष्ट म्हणजे पुसली गेलेली ओळ. उद्दिष्ट म्हणजे बोट ठेवून दाखवलेली ओळ. हे शब्द ज्या समाजातून आले, तेथे विद्या कंठात आणि भूर्जपत्रावर वा ताडपत्रावर जपली जाई. एक ओळ गेली तर ती कोठून आणावी, ही चिंता तेथे खरी होती. या गणिताची निकड त्या चिंतेत आहे.

७/ लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. मग ठरावीक मात्रांत किती रचना बसतात? शेवटचे अक्षर लघू असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून प्रत्येक संख्या मागील दोन संख्यांची बेरीज ठरते: १, २, ३, ५, ८, १३… विरहांकाने हा नियम प्राकृतात दिला, १२व्या शतकात हेमचंद्रानेही दिला.

८/ पिसाच्या लिओनार्दोचा, म्हणजे फिबोनाचीचा ‘लिबेर आबाची’ १२०२ सालचा आहे. तेथे हीच श्रेणी सशांच्या प्रजोत्पत्तीच्या कोड्यातून येते. त्याने ती भारतातून उचलली असे सिद्ध करणारा पुरावा नाही. भारतात ती त्याच्या आधी ज्ञात होती, याला मात्र भक्कम पुरावा आहे. ही दोन विधाने वेगळी ठेवणे हेच इतिहासाचे शिस्तपालन.

९/ शार्ङ्गदेवापुढचा प्रश्न आणखी वेगळा होता. छंदात अक्षरे दोनच प्रकारची, आणि ती पुन्हा पुन्हा येतात. कूटतानेत प्रत्येक स्वर निराळा आणि एकदाच येणारा. म्हणून येथे गुणाकार चालतो. दोन स्वरांच्या २ ताना, तिनांच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०, सातांच्या ५,०४०.

१०/ तीन स्वरांचा प्रस्तार त्याच्या नियमाने असा उतरतो:
(१) सा रे ग
(२) रे सा ग
(३) सा ग रे
(४) ग सा रे
(५) रे ग सा
(६) ग रे सा
शेवटचा स्वर पाहिला की रचना उलगडते. पहिल्या दोन ओळींच्या अंती ग, पुढील दोहोंच्या अंती रे, अखेरच्या दोहोंच्या अंती सा.

११/ सात स्वरांतही हेच. पहिल्या ७२० ओळी नी वर संपतात, पुढील ७२० ध वर, त्यापुढील ७२० प वर. प्रत्येक गटाच्या आत उरलेल्या सहा स्वरांचा असाच प्रस्तार, त्याच्या आत पाचांचा. पेटीत पेटी ठेवावी तशी ही मांडणी आहे.

१२/ याच मांडणीवरून शार्ङ्गदेव ‘खंडमेरू’ नावाचा कोष्टक रचतो. सात स्तंभ:
पहिला: १
दुसरा: ०, १
तिसरा: ०, २, ४
चौथा: ०, ६, १२, १८
पाचवा: ०, २४, ४८, ७२, ९६
सहावा: ०, १२०, २४०, ३६०, ४८०, ६००
सातवा: ०, ७२०, १,४४०, २,१६०, २,८८०, ३,६००, ४,३२०

१३/ प्रत्येक स्तंभातून एकच आकडा घेऊन बेरीज केली की १ ते ५,०४० यांतील कोणतीही संख्या मिळते, आणि ती एकाच रीतीने मिळते. निवडलेल्या घरांवर ठेवायला शार्ङ्गदेव ‘लोष्टक’, म्हणजे खडे, वापरायला सांगतो. एक कोष्टक आणि सात खडे, एवढीच सामग्री.

१४/ आता हरवलेली २,०००वी तान. सातव्या स्तंभापासून आरंभ करून, दर वेळी शिल्लक संख्येपेक्षा लहान असलेला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा.
१,४४० घेतले, उरले ५६०
४८० घेतले, उरले ८०
७२ घेतले, उरले ८
६ घेतले, उरले २
० घेतले, उरले २
१ घेतला, उरला १
पहिल्या स्तंभातील १ घेतला, हिशेब पुरा.

१५/ खडा स्तंभातील कितव्या घरात आहे ते पाहून, शिल्लक स्वर शेवटाकडून तितके मोजायचे. १,४४० तिसऱ्या घरात: नी, ध, प. म्हणून तानेच्या अंती प. तो वगळला. ४८० पाचव्या घरात: नी, ध, म, ग, रे. म्हणून त्याआधी रे. याच रीतीने पुढे ग, ध, नी, सा आणि उरलेला म.

१६/ २,०००वी तान: म सा नी ध ग रे प. आधीच्या १,९९९ ओळींपैकी एकही लिहावी लागली नाही.

१७/ उलट दिशाही तितकीच सोपी. ‘ग रे म सा’ ही चार स्वरांची तान कितवी? अंती सा, शेवटाकडून चौथा: १८. उरलेल्या रे, ग, म यांत अंती म, पहिला: ०. उरलेल्या रे, ग यांत अंती रे, दुसरा: १. पहिल्या स्तंभाचा १. बेरीज २०. चार स्वरांच्या २४ तानांतील ही २०वी.

१८/ आधुनिक गणितात या कल्पनेला क्रमगुणितांवर आधारलेली संख्यापद्धती म्हणतात. फ्रान्समध्ये लेझाँ यांनी ती १८८८ साली मांडली. अमेरिकी गणिती डी. एच. लेमर यांनी १९६० मध्ये संगणकाला क्रमरचना शिकवण्याच्या संदर्भात तिचा विचार केला. आज ती ‘लेमर संकेत’ या नावाने ओळखली जाते.

१९/ याचा अर्थ ‘आपल्याकडे संगणक होता’ असा काढणे चुकीचे. शार्ङ्गदेवापाशी यंत्र नव्हते. त्याच्यापाशी होती ती पायरीपायरीने चालणारी, कोणीही अचूक पाळू शकेल अशी कृती. अशा कृतीलाच आज अल्गोरिदम म्हणतात. खरे श्रेय पुरेसे मोठे आहे, त्याला खोट्या अलंकारांची गरज नाही.

२०/ तालाध्यायात हीच दृष्टी कालाकडे वळते. द्रुत हे एकक धरले तर लघू दोन द्रुतांचा, गुरू चारांचा, प्लुत सहांचा. ताल यांपैकी कशाने संपतो ते पाहिले की नियम मिळतो: दिलेल्या लांबीपेक्षा १, २, ४ आणि ६ ने कमी असलेल्या लांबींच्या रचनांची बेरीज. श्रेणी अशी: १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६०, १०६…

२१/ पडताळा घेण्याजोगा आहे. चार द्रुतांच्या कालात सहा रचना: चार द्रुत, एक लघू व दोन द्रुत यांचे तीन क्रम, दोन लघू, आणि एक गुरू. सहा द्रुतांसाठी १० + ६ + २ + १ = १९, कारण संपूर्ण काल व्यापणारा एकटा प्लुतही मोजावा लागतो. १६ द्रुतांपर्यंत ही संख्या ६,२३६ होते.

२२/ आणि तरीही शार्ङ्गदेव नावानिशी देशी ताल देतो ते १२०. हीच यादी पुढे एका फ्रेंच संगीतकोशातून ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८ ते १९९२) या संगीतकाराच्या हाती पडली. त्याने त्यातील लयी आपल्या रचनांत वापरल्या आणि १९४४ च्या आपल्या ग्रंथात शार्ङ्गदेवाचा नामोल्लेख केला.

२३/ शक्य रचना हजारो, नावे १२०. हीच तफावत या गणिताचा खरा प्रश्न आहे. ५६ मूर्च्छनांतून प्रत्येकी ५,०४० याप्रमाणे पूर्ण कूटताना होतात २,८२,२४०. त्यांतील सुंदर कोणत्या, हे खंडमेरू सांगत नाही. रागाची चर्चा शार्ङ्गदेव वेगळ्या अध्यायात करतो, आणि तेथे भाषा आकड्यांची राहत नाही.

२४/ हाच पेच पुढेही दिसतो. १७व्या शतकात व्यंकटमखीने ७२ मेल मांडले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी दाखवले की एका मेलातून आरोह-अवरोहांच्या जोड्या २२ × २२ = ४८४ होतात, म्हणजे एकूण ३४,८४८. प्रचारातील राग लावण्यासाठी मात्र त्यांनी दहाच थाट निवडले. गणिताने शक्यतेचे क्षेत्र आखले, निवड कानाने केली.

२५/ ग्रंथाचा पुढचा प्रवास. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली, १३१८ पर्यंत यादवसत्ता संपली. ग्रंथ मात्र टिकला. १५व्या शतकात विजयनगरात कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली. त्याआधी, १३५६ मध्ये, नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त प्रस्तार, नष्ट व उद्दिष्ट या कल्पना छंद आणि संगीत यांपलीकडे नेऊन शुद्ध गणिताचा विषय केल्या.

२६/ १९व्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेली, कल्लिनाथाच्या टीकेसह असलेली आवृत्ती छापली. हस्तलिखितांत अडकलेला ग्रंथ असा महाराष्ट्रातूनच मुद्रित रूपात अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

२७/ गाण्यातही धागा तुटला नाही. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या तालमीत खंडमेरू, अर्थात मेरुखंड, मुरला. उस्ताद अमीर खाँ (१९१२ ते १९७४) यांच्या आलापीत मोजके स्वर क्रम बदलत, न संपणाऱ्या वाटांनी फिरतात. तेथे कोणी ओळींचे क्रमांक मोजत नाही. रियाजात मोजलेले मैफलीत विसरायचे असते.

२८/ देवगिरीचा किल्ला आज पाहायला मिळतो, सिंघणाचा दरबार उरला नाही. ज्या तानांच्या याद्या त्या काळी लिहिल्या गेल्या असतील, त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. पण नष्ट ओळ परत आणण्याची रीत शाबूत आहे. कागदावर सात स्तंभ आखावेत, सात खडे घ्यावेत आणि १ ते ५,०४० यांतील कोणताही आकडा निवडावा. तान सापडतेच.